ग्रामीण गरिबीच्या मुद्द्यावर अमेरिकी काँग्रेसची पहिली निवडणूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखादी नर्स, शाळामास्तर किंवा खाणकामगाराची मुलगी पहिल्यांदाच अमेरिकेच्या काँग्रेससाठी उभी राहते आणि 'आपल्या भागातली गरिबी' हाच मुद्दा घेते, तेव्हा कागदपत्रं, पैसा आणि धोरण या तिन्ही गोष्टी एकदम अंगावर येतात. ही उत्तरं अशा उमेदवारांसाठी, त्यांच्या खजिनदारांसाठी आणि प्रचाराला हातभार लावू इच्छिणाऱ्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी आहेत. उदाहरण केंटकी राज्याच्या पाचव्या मतदारसंघाचं घेतलं आहे. देणगीच्या मर्यादा २०२५-२६ च्या निवडणुकीच्या आहेत. त्या दर दोन वर्षांनी बदलतात.

ही काँग्रेस म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडच्या पक्षाशी तिचा संबंध नाही. अमेरिकेच्या संसदेला काँग्रेस म्हणतात. तिच्या खालच्या सभागृहात, म्हणजे हाउस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये, ४३५ सदस्य असतात आणि २०२० च्या जनगणनेनुसार एका मतदारसंघात सरासरी ७ लाख ६१ हजार लोक येतात. मुदत फक्त दोन वर्षांची. जानेवारीत शपथ घेतली की केंटकीत पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात पुन्हा पक्षांतर्गत निवडणूक, म्हणजे प्रायमरी.

केंटकीचा पाचवा मतदारसंघच का?

गरिबीच्या प्रश्नावर अमेरिकी राजकारणाने दिलेली बहुतेक आश्वासनं पूर्व केंटकीतल्या या डोंगरांत देऊन झाली आहेत. एप्रिल १९६४ मध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन मार्टिन काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) आयनेझ गावी एका घराच्या ओट्यावर बसून बोलले, आणि 'गरिबीविरुद्धच्या युद्धा'चं ते चित्र देशभर गेलं. फेब्रुवारी १९६८ मध्ये सिनेटर रॉबर्ट केनेडी याच भागात फिरले. १९६५ मध्ये ॲपलाचिया या डोंगरी पट्ट्याच्या विकासासाठी ॲपलाचियन रीजनल कमिशन स्थापन झालं. आज त्याच्या कार्यक्षेत्रात १३ राज्यांतल्या ४२३ काउंट्या आहेत. रस्ते झाले, दवाखाने आले. पण कोळशाच्या नोकऱ्या गेल्या, २००४ च्या कायद्याने तंबाखूचा कोटा संपला, आणि जुलै २०२२ च्या पुरात हिंडमन, हॅझर्ड, व्हाइट्सबर्गच्या आसपासच्या खोऱ्यांत ४० हून अधिक माणसं दगावली.

निवडणुकीचं गणितही पक्कं ठाऊक हवं. रिपब्लिकन हॅल रॉजर्स १९८१ पासून इथले सदस्य आहेत. २०२२ मध्ये त्यांना सुमारे ८२ टक्के मतं मिळाली आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्यासमोर कुणी उभंच राहिलं नाही. एलियट काउंटीने आपल्या स्थापनेपासून २०१२ पर्यंत प्रत्येक अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक उमेदवाराला कौल दिला होता. २०१६ मध्ये तीही फिरली. केंटकीच्या मतपत्रिकेवर एकाच खुणेने संपूर्ण पक्षाला मत देण्याची सोयही आहे, त्यामुळे खालच्या पदाचा नवखा उमेदवार वरच्या पदाच्या लाटेत वाहून जातो. पहिल्या खेपेला इथे जिंकणं फार अवघड आहे हे उमेदवाराने स्वतःला आणि देणगीदारांनाही सांगावं. तरीही उभं राहण्यात अर्थ आहे, कारण उमेदवारच नसला तर गरिबीवर विद्यमान सदस्याला जाहीर प्रश्न विचारणारं कुणी उरत नाही.

पात्रता काय? त्याच मतदारसंघात घर लागतं का?

वय किमान २५, सात वर्षांचं अमेरिकी नागरिकत्व, आणि निवडून येताना त्या राज्यात वास्तव्य. एवढंच राज्यघटनेत आहे. मतदारसंघातच राहण्याची अट नाही, जन्माने नागरिक असण्याचीही नाही. पण डोंगराळ भागात 'तू कुणाची गं?' हा पहिला प्रश्न असतो आणि त्याला लुईव्हिलसारख्या मोठ्या शहराचा पत्ता हे उत्तर चालत नाही.

तिकीट कोण देतं?

ए-बी फॉर्मसारखं इथे काही नाही. पक्षश्रेष्ठी तिकीट देत नाहीत. पक्षाचे नोंदणीकृत मतदार प्रायमरीत उमेदवार निवडतात. केंटकीची प्रायमरी बंद स्वरूपाची आहे: डेमोक्रॅट म्हणून नोंद असेल तर डेमोक्रॅटिक प्रायमरीतच मत. मतदाराला पक्ष बदलायचा असेल तर आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरच्या आत बदलावा लागतो. ही तारीख उमेदवारालाही लागू आहे आणि ती अनेकांच्या हातून निसटते.

अर्ज राज्याची राजधानी फ्रँकफर्टला, राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या (निवडणुकांचं काम पाहणाऱ्या अधिकाऱ्याच्या) कार्यालयात भरायचा. शुल्क ५०० डॉलर. जानेवारीतल्या पहिल्या सोमवारनंतरचा शुक्रवार ही शेवटची तारीख, वेळ दुपारी ४ पर्यंत. २०२६ साठी ती ९ जानेवारी आणि प्रायमरी १९ मे. अर्जावर मतदारसंघातल्या, त्याच पक्षाच्या फक्त दोन मतदारांच्या सह्या लागतात.

दोनच सह्या म्हणून लोक गाफील राहतात. २०२४ मध्ये राज्याच्या विधिमंडळातल्या एका विद्यमान सदस्याची प्रायमरीतली उमेदवारी केंटकीच्या सर्वोच्च न्यायालयाने याच कारणावरून बाद केली: सही करणाऱ्या दोघांपैकी एकाची नोंद सहीच्या दिवशी दुसऱ्या पक्षात होती. म्हणून सही घेण्याआधी काउंटी क्लर्ककडे त्या दोघांची सध्याची नोंद, पत्ता आणि मतदारसंघ तपासा. आणि अर्ज शेवटच्या दिवशी नेऊ नका. चूक सापडली तर डोंगरातून फ्रँकफर्टला दुसरी खेप करायला दिवस शिल्लक हवा.

अपक्ष उभं राहायचं तर ४०० सह्या लागतात. प्रायमरीत हरलेल्याला त्याच वर्षी अपक्ष म्हणून उभं राहता येत नाही. इतर राज्यांचे नियम फार वेगळे आहेत: टेक्सासमध्ये शुल्क ३,१२५ डॉलर, व्हर्जिनियात १,००० सह्या.

सरकारी नोकरी असेल तर?

संघराज्य सरकारच्या नोकरांना हॅच कायद्यानुसार पक्षीय निवडणूक लढवता येत नाही. टपाल खात्याचे कर्मचारीही यात येतात, आणि ग्रामीण भागात टपाल खातं हे मोठं नोकरीचं ठिकाण असतं. राजीनामा उमेदवारी जाहीर करण्याआधी द्यावा लागतो. शाळेत किंवा काउंटीत काम करणाऱ्यांना सहसा अडचण येत नाही. मात्र राज्याच्या किंवा स्थानिक कर्मचाऱ्याचा पूर्ण पगार संघराज्याच्या निधीतून येत असेल तर त्यालाही हीच बंदी. पगार कुठल्या निधीतून निघतो ते लेखी विचारून घ्या.

पहिल्या महिन्यात कागदोपत्री काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने?

आधी खजिनदार ठरवा. खजिनदाराची जागा रिकामी असताना समितीला एक डॉलरही घेता किंवा खर्चता येत नाही. उमेदवाराचा मेहुणा किंवा मैत्रीण चालेल, पण दर आठवड्याला चार-पाच तास हिशेबाला बसणारी हवी. मग करखात्याकडून समितीचा ओळख क्रमांक घ्या, समितीच्या नावाने वेगळं बँक खातं उघडा.

देणग्या किंवा खर्च ५,००० डॉलरच्या वर गेला की कायद्याच्या दृष्टीने तुम्ही उमेदवार झालात. तिथून १५ दिवसांत फेडरल इलेक्शन कमिशनकडे, म्हणजे एफईसीकडे, फॉर्म २ भरायचा, आणि त्यानंतर १० दिवसांत समितीचा फॉर्म १. त्याआधी चाचपणी करायला, म्हणजे लोकांशी बोलून, पाहणी करून अंदाज घ्यायला मुभा आहे. पण 'मी उभी आहे' असं फेसबुकवर लिहिलंत की ती मुभा संपली.

तिसरा कागद बहुतेक नवख्यांच्या गावीच नसतो: स्वतःच्या मालमत्तेचं, कर्जाचं आणि उत्पन्नाचं विवरण. ते हाउसच्या क्लर्ककडे जातं, एफईसीकडे नाही. मुदत उमेदवार झाल्यापासून ३० दिवस किंवा १५ मे, यातली जी नंतरची ती, पण निवडणुकीच्या किमान ३० दिवस आधी. केंटकीची प्रायमरीच मे महिन्यात असल्याने इथे हिशेब एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात येऊन ठेपतो. उशिराला २०० डॉलर दंड आहे.

देणगी कोणाकडून घेता येते? अमेरिकेतल्या मराठी माणसाने द्यावी का?

एका व्यक्तीला एका निवडणुकीसाठी ३,५०० डॉलर. प्रायमरी आणि मुख्य निवडणूक वेगळ्या धरतात, म्हणजे एकूण ७,०००. नवरा-बायकोची मर्यादा वेगवेगळी. कंपन्यांकडून आणि केंद्राच्या कंत्राटदारांकडून काहीही नाही. रोख रक्कम माणशी १०० डॉलरपर्यंतच. चर्चच्या हॉलमधल्या जेवणाला डबा फिरवताना हे लक्षात ठेवा: निनावी रोख ५० डॉलरच्या वर ठेवता येत नाही. एकाच माणसाची बेरीज २०० डॉलरच्या पुढे गेली की त्याचं नाव, पत्ता, व्यवसाय आणि मालकाचं नाव अहवालात द्यावं लागतं, म्हणून पहिल्याच पावतीला ही माहिती घ्या.

अमेरिकी नागरिक आणि ग्रीन कार्डधारक देऊ शकतात. एच-१बी, एफ-१ किंवा एच-४ व्हिसावरच्या माणसाने एक डॉलरही देऊ नये, आणि पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या आईवडिलांच्या खात्यातून तर मुळीच नाही. परदेशी नागरिकाची देणगी हा गंभीर गुन्हा आहे. दुसऱ्याच्या नावाने दिलेली देणगी त्याहून वाईट. व्हिसावरच्या माणसाला बिनपगारी स्वयंसेवक म्हणून फोन करता येतात, पत्रकं वाटता येतात. समितीच्या पैशांच्या निर्णयांत मात्र बसता येत नाही.

काँग्रेसमध्ये मराठी माणूस पोहोचला आहे: बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२२ मध्ये मिशिगनच्या १३ व्या मतदारसंघातून पहिल्यांदा निवडून आले. तो डेट्रॉइटचा शहरी मतदारसंघ आहे आणि तिथली गरिबी वेगळ्या जातीची. डोंगरी किंवा शेतीच्या मतदारसंघात मराठी घरं विरळ असतात. बहुधा जिल्हा रुग्णालयातला डॉक्टर किंवा महाविद्यालयातले प्राध्यापक. तेवढी दोन घरंही उपयोगी पडतात, कारण त्या गावात डॉक्टरचं नाव सगळ्यांना माहीत असतं.

मतदारसंघच गरीब, मग पैसा कुठून येणार?

बराचसा बाहेरून, आणि हे लपवू नये. उमेदवाराने रोज दोन-तीन तास फोन घेऊन बसायचं. आधी स्वतःच्या फोनमधली सगळी नावं: वर्गमित्र, जुने सहकारी, गाव सोडून सिनसिनाटी किंवा डेट्रॉइटला गेलेले नातेवाईक. पूर्व केंटकीतून कारखान्यांसाठी गेलेल्या कुटुंबांच्या पिढ्या तिकडे आहेत आणि त्यांची गावाची ओढ अजून शाबूत आहे. मागताना रकमेचा आकडा स्पष्ट बोला आणि गप्प बसा. बहुतेक नवखे आकडा सांगून लगेच 'जमलं तर' जोडतात, आणि देणगी तिथेच निम्मी होते.

ॲक्टब्लूसारख्या ऑनलाइन सेवेने घेतलेल्या देणगीतून ३.९५ टक्के कापले जातात. ते अंदाजपत्रकात धरा. समजा प्रायमरीपर्यंत १,२०,००० डॉलर जमतील असं वाटतं. त्यातले ४५,००० एका पूर्णवेळ व्यवस्थापकाला आणि एका क्षेत्र संघटकाला, ३०,००० टपालपत्रकांना, १५,००० रेडिओ आणि स्थानिक वर्तमानपत्रांना, १०,००० मतदारयादी, संदेशसेवा आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरला, ८,००० पेट्रोलला, आणि १२,००० हात न लावता शेवटच्या दहा दिवसांसाठी. हे केवळ उदाहरण आहे, पण प्रमाण साधारण असंच ठेवा.

टीव्हीचा मोह आवरा. हा मतदारसंघ लेक्सिंग्टन, नॉक्सव्हिल आणि चार्ल्स्टन-हंटिंग्टन अशा वेगवेगळ्या प्रक्षेपण क्षेत्रांत वाटला गेला आहे. नॉक्सव्हिलच्या केंद्रावर जाहिरात घेतलीत तर पैसे टेनेसीतल्या प्रेक्षकांचे मोजता, मत हार्लन आणि बेल काउंटीतली थोडीच मिळतात. घ्यायचीच तर प्रायमरीआधीच्या ४५ आणि मुख्य निवडणुकीआधीच्या ६० दिवसांत घ्या. त्या काळात केंद्रांना उमेदवाराला सर्वांत कमी दर लावावा लागतो.

नोकरी सोडून वर्षभर प्रचार करायचा तर घर कसं चालेल?

गरीब घरातली माणसं या एका प्रश्नावर मागे फिरतात. १ मार्च २०२४ पासून नियम सैल झाला आहे. उमेदवाराला समितीच्या पैशातून पगार घेता येतो: हाउस सदस्याच्या १,७४,००० डॉलर पगाराच्या निम्मा, म्हणजे वर्षाला ८७,०००, किंवा आपल्या मागच्या पाच वर्षांच्या कमाईची सरासरी, यातलं जे कमी असेल ते, दिवसांच्या हिशेबाने. त्यामुळे २४,००० कमावणाऱ्या मदतनीस नर्सला २४,००० च्या दरानेच मिळेल. नियम न्याय्य वाटो न वाटो, हिशेब तोच. प्रचारामुळे लागणाऱ्या पाळणाघराचा खर्चही २०१८ पासून समितीला देता येतो. बाहेरची दुसरी कमाई असेल तर ती या मर्यादेतून वजा होते. उत्पन्नाचे कागद खजिनदाराकडे ठेवा आणि पगार घेत असल्याचं स्वतःहून सांगा; विरोधकांनी 'शोधून काढलं' की तोच पगार डाग बनतो.

'गरिबी' मोजतात कशी?

दारिद्र्यरेषेची पद्धत १९६० च्या दशकातली आहे: किमान अन्नखर्चाची तिप्पट, मग दरवर्षी महागाईची वाढ. अलास्का आणि हवाई सोडून सगळीकडे रेषा एकच. २०२५ साठी एकट्या माणसाला वर्षाला १५,६५० डॉलर, चौघांच्या कुटुंबाला ३२,१५०. आता किमान वेतन धरा. संघराज्याचं किमान वेतन जुलै २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे आणि केंटकीचंही तेवढंच. आठवड्याला ४० तास, ५२ आठवडे, एकही सुट्टी न घेता: १५,०८० डॉलर. म्हणजे पूर्णवेळ राबूनही एकटा माणूस रेषेच्या ५७० डॉलर खाली. हे एक गणित भाषणात असलं तर बाकी आकड्यांची गरज उरत नाही.

काउंटीच्या पातळीवर 'चिवट गरिबी' ही संज्ञा वापरतात: साधारण तीस वर्षं सलग २० टक्के किंवा त्याहून जास्त लोक रेषेखाली. साउथ कॅरोलायनाचे सदस्य जिम क्लायबर्न यांनी यावर १०-२०-३० हे सूत्र मांडलं: निधीचा किमान १० टक्के वाटा, २० टक्के गरिबी ३० वर्षं राहिलेल्या काउंट्यांना. २००९ च्या आर्थिक सावरणीच्या कायद्यात ग्रामीण विकासाच्या निधीला ते लागू झालं. नवख्या उमेदवाराला हे सूत्र फार उपयोगी आहे, कारण त्यासाठी नवा पैसा मागावा लागत नाही, आहे तोच कुठे जावा एवढंच सांगायचं.

मग जाहीरनाम्यात नेमकं काय मागायचं?

माणूस कोणत्या अटीवर अडतो ते शोधा आणि ती अट मागणीत लिहा. 'आम्ही गरिबी हटवू' हे साठ वर्षं ऐकून झालं आहे.

अपंग आणि निर्धन वृद्धांना मिळणारा एसएसआय भत्ता घ्या. लाभार्थ्याकडे २,००० डॉलरपेक्षा जास्त शिल्लक असता कामा नये, जोडप्याकडे ३,०००. ही मर्यादा १९८९ पासून तिथेच आहे. राहतं घर आणि एक गाडी मोजत नाहीत, पण गळकं छप्पर बदलायला जमवलेले २,५०० डॉलर मोजतात, आणि भत्ता थांबतो. मर्यादा वाढवून महागाईशी जोडणं ही मागणी दोन्ही पक्षांच्या मतदाराला पटते.

स्नॅप म्हणजे पूर्वीची फूड स्टॅम्प. दुकानात कार्डाने धान्य-भाजी घेता येते. मजुरीत एक डॉलर वाढला की स्नॅप साधारण २४ ते ३६ सेंटने घटतं, आणि त्याच सुमारास मेडिकेडची, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याची, मर्यादा आली तर तो विमाही जातो. जास्तीच्या शिफ्टला नाही म्हणणारा माणूस आळशी नसतो, त्याने हा हिशेब केलेला असतो. जुलै २०२५ च्या कायद्याने स्नॅपची कामाची अट ६४ वर्षांपर्यंतच्या आणि १४ किंवा जास्त वयाची मुलं असणाऱ्या पालकांनाही लावली: महिन्याला ८० तास, नाहीतर तीन वर्षांत फक्त तीन महिने मदत. शिवाय प्रशासनखर्चातला राज्याचा वाटा ऑक्टोबर २०२६ पासून ५० वरून ७५ टक्के होणार, आणि त्यानंतरच्या वर्षापासून चुकांचं प्रमाण जास्त असलेल्या राज्यांना मदतीच्या रकमेतलाही ५ ते १५ टक्के भार उचलावा लागणार.

मेडिकेडसाठी हीच ८० तासांची अट १ जानेवारी २०२७ पासून येते. काय बिघडेल हे आर्कान्सॉ राज्याने २०१८ मध्ये दाखवलं आहे. काही महिन्यांत १८,००० च्या आसपास लोकांचा विमा गेला, आणि त्यातले अनेक काम करत होते. अडचण नोंदणीची होती: तास ऑनलाइन नोंदवायचे आणि संकेतस्थळ रात्री ९ ते सकाळी ७ बंद. जिथे इंटरनेटसाठी ग्रंथालयाच्या पार्किंगमध्ये गाडी उभी करावी लागते, तिथे ही अट कामाची राहत नाही, सिग्नलची होते. म्हणून मागणी अशी लिहा: फोनवर आणि कागदावर नोंद, मालकांच्या वेतननोंदींवरून आपोआप पडताळणी, विमा तोडण्याआधी माणसाशी प्रत्यक्ष बोलणं. इंटरनेटचं बिल कमी करणारी एसीपी योजना जून २०२४ मध्ये निधीअभावी बंद पडली. तीही याच परिच्छेदात यावी.

मुलांसाठीच्या करसवलतीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. २०२१ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलामागे ३,६०० आणि मोठ्या मुलामागे ३,००० डॉलर, त्यातले निम्मे जुलै ते डिसेंबर दरमहा घरी आले. सरकारी मदतही धरणाऱ्या पूरक मापनानुसार बालगरिबी ५.२ टक्क्यांवर उतरली. योजना संपली आणि २०२२ मध्ये ती १२.४ टक्के झाली. कोणी म्हणालं की गरिबी हटत नाही, तर हे दोन आकडे त्याच्यापुढे ठेवा.

कोळशाच्या धुळीने खाणकामगारांना होणाऱ्या काळ्या फुप्फुसाच्या आजारावर बोलताना आधी अधिकारक्षेत्र पाहा. भूमिगत कोळशावर टनामागे १.१० डॉलर आणि वरच्या खाणींवर ५५ सेंट कर घेऊन चालणारा निधी संघराज्याचा; २०२२ मध्ये हे दर कायम झाले. पंधरा वर्षं भूमिगत काम आणि श्वसनाची पूर्ण अक्षमता असेल तर आजार खाणीतलाच मानायचा, ही तरतूद २०१० मध्ये परत आली, तीही संघराज्याचीच. पण केंटकीच्या राज्य भरपाईसाठी एक्स-रे कोणी वाचायचा, हे २०१८ च्या राज्याच्या कायद्याने ठरवलं. तो बदलण्याचं वचन काँग्रेसच्या उमेदवाराने देऊ नये. सभेतला निवृत्त खाणकामगार तुम्हाला तिथल्या तिथे पकडेल.

विद्यमान सदस्य 'मी निधी आणतो' म्हणतात. त्यावर उत्तर काय?

हा त्यांचा खरा मुद्दा आहे, उडवून लावू नका. रॉजर्स २०११ ते २०१७ हाउसच्या खर्चवाटप समितीचे अध्यक्ष होते आणि या भागात त्यांच्या प्रयत्नाने आलेल्या इमारती, रस्ते दिसतात. नवख्या सदस्याला तेवढं वजन वर्षानुवर्षं येत नाही. प्रामाणिक उत्तर दोन भागांत द्या. एक, स्थानिक प्रकल्पांसाठी निधी मागण्याची पद्धत २०२१ पासून पुन्हा सुरू आहे आणि नवा सदस्यही तो मागू शकतो. दोन, कार्यालयाचं खरं काम अडलेल्या माणसाचा कागद हलवणं असतं: अपंगत्वाचा अर्ज, सैनिकांची पेन्शन, पूरग्रस्ताची नाकारलेली मदत. २०१५ मध्ये एका वकिलाच्या फसवणुकीपायी या भागातल्या शेकडो अपंग अर्जदारांचा भत्ता संशयावरून थांबवण्याच्या नोटिसा गेल्या, तेव्हा कार्यालयाचा फोन कोण उचलतं याला जन्ममरणाचं महत्त्व आलं. तेव्हा जाहीर करा की कार्यालयं किती, कुठे आणि कोणत्या वारी उघडी असतील.

मतदारांशी गरिबीबद्दल कसं बोलायचं?

समोरच्याला गरीब म्हणू नका. वर्षाला १८,००० कमावणारा माणूसही स्वतःला कष्टकरी म्हणतो, आणि तो आहेच. बाहेरच्या कॅमेऱ्यांनी या डोंगरांतली मोडकी घरं इतक्यांदा दाखवली आहेत की तसल्या फोटोचं पत्रक दिसलं की लोक ते वाचतही नाहीत. पाण्याचं बिल, पगाराची तारीख, दवाखान्याचं अंतर यांवर बोला. मार्टिन काउंटीत वर्षानुवर्षं नळाचं पाणी हाच विषय होता. प्रसूतीसाठी किती मैल जावं लागतं, हा प्रश्न पाच मिनिटांत सगळ्या खोलीला बोलतं करतो. २५ खाटांपर्यंतच्या ग्रामीण रुग्णालयांना विशेष दर्जा आहे आणि जुलै २०२५ च्या कायद्यात ग्रामीण आरोग्यासाठी पाच वर्षांत ५० अब्ज डॉलर ठेवले आहेत. त्यातला किती तुमच्या काउंटीत पोहोचतो हे विचारत राहणं उमेदवाराचं काम.

दारोदार प्रचाराचं नियोजन कसं करायचं?

उलटं मोजा. प्रायमरीत ४०,००० मतं पडतील असा अंदाज असेल तर लक्ष्य ५२ टक्के, म्हणजे २०,८००. डोंगराच्या खोऱ्यांत तासाला आठ-दहा घरं झाली तरी पुष्कळ. एका घरानंतर दुसरं अर्ध्या मैलावर असतं. म्हणून सगळीकडे जाऊ नका. मागच्या तीनपैकी दोन प्रायमरींत मत दिलेल्यांची यादी आधी, बाकीच्यांना फोन. मोबाईल संदेश पाठवायचे तर दूरसंचार कंपन्यांची पडताळणी लागते, तिला वेळ लागतो. मार्चमध्ये सुरू केलंत तर मेमध्ये संदेश अडकतील.

दारावर दोन गोष्टी हमखास सांगा. केंटकीत मतदान संध्याकाळी ६ ला बंद होतं, आणि कामासाठी दीड तास गाडी चालवणाऱ्याची ती वेळ चुकते. त्यासाठी आदल्या गुरुवार ते शनिवारचं कारण न विचारता होणारं मतदान आहे. आणि गव्हर्नर अँडी बेशियर यांच्या डिसेंबर २०१९ च्या आदेशाने अहिंसक गुन्ह्यांची शिक्षा भोगून झालेल्या लाखाहून अधिक लोकांचा मताधिकार परत आला आहे. अमली पदार्थांच्या साथीने पोळलेल्या या काउंट्यांत असे पुष्कळ जण आहेत आणि अनेकांना ते कुणी सांगितलेलंच नसतं.

स्वयंसेवकाने स्वतःच्या प्रवासावर एका निवडणुकीत १,००० डॉलरपर्यंत केलेला खर्च देणगीत धरत नाहीत. घरी चहा-फराळाची बैठक घेतली तर त्यालाही तेवढीच वेगळी सूट आहे.

हिशेबात सर्वांत जास्त चुका कुठे होतात?

उमेदवार स्वतःच्या कार्डाने पेट्रोल भरतो आणि पावती हरवतो. कुणी फुकट छापून दिलेली पत्रकं वस्तुरूप देणगी म्हणून नोंदली जात नाहीत. छापखाना कंपनी असेल तर ती देणगी बेकायदाच. चेक दहा दिवसांत बँकेत जात नाही. फलकावर 'खर्च कोणी केला' ही चौकटीतली ओळ राहून जाते. आणि निवडणुकीच्या आधीच्या वीस दिवसांत आलेल्या १,००० डॉलर किंवा जास्तीच्या प्रत्येक देणगीची ४८ तासांत वेगळी सूचना द्यायची असते, ती विसरते, कारण तेव्हा खजिनदारही दारं ठोठावत असतो. तिमाही अहवाल १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि ३१ जानेवारीला. प्रायमरीआधीचा अहवाल १२ दिवस आधी. नोंदी तीन वर्षं जपायच्या.

प्रायमरीत हार झाली तर उरलेल्या पैशांचं काय?

मुख्य निवडणुकीसाठी घेतलेली रक्कम ६० दिवसांत परत करावी लागते, म्हणून ती सुरुवातीपासून वेगळी ठेवा. खर्चून टाकलीत तर हरल्यावर कर्ज काढून परत करण्याची वेळ येते. बाकी शिल्लक धर्मादाय संस्थेला किंवा पक्षाला देता येते, पुढच्या निवडणुकीसाठी ठेवता येते. घरखर्चाला वापरता येत नाही. देणी फिटेपर्यंत समिती बंद होत नाही आणि अहवाल सुरूच राहतात. पुन्हा उभं राहायचं असेल तर समिती मोडू नका: दारावर जमवलेली यादी, कोणाच्या घरी कोणता कागद अडला आहे याच्या नोंदी आणि स्वयंसेवकांचे फोन हे सगळं पुढच्या जानेवारीच्या आत नीट लावून ठेवा.